खटका मिस्त्रीचे हवाबंद डबे

माझा दादा आयुष्यात सगळ्यात जास्त कुणावर जळला असेल, तर स्वतःच्या बायकोवर. लोक शेजाऱ्याच्या गाडीवर जळतात, साडूच्या नोकरीवर जळतात. जळायला एवढं मोठं जग मोकळं पडलंय, पण ह्याला घराबाहेर कुणी सापडलंच नाही. मी त्याची धाकटी बहीण, मोर्चे-सभांतून फिरणारी. मी भावाची बाजू घ्यायला हवी, असं आमच्या नात्यातली माणसं म्हणतात. घेते की. पण खरं बोलून घेते, तेवढं सोसा.

दादाचा धंदा गेट दुरुस्तीचा. म्हणजे बंगल्यांची गेटं, बटण दाबलं की आपोआप उघडणारी. आमच्या गल्लीच्या पलीकडे समुद्राच्या कडेनं एक लांब रस्ता जातो. त्याच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला बंगले. गाडी येते, आतला माणूस काचसुद्धा खाली करत नाही, रिमोट दाबतो आणि गेट बाजूला सरकतं. गेट जेवढं मोठं, तेवढी आतल्याला बाहेरच्याची भीती मोठी, हे माझं मत. दादाला असली मतं नव्हती. तो म्हणायचा, "त्यांच्या भीतीवर माझं घर चालतं, तू गप बस."

सरकतं म्हणाले खरं, पण निम्मा वेळ सरकत नाही. तिथली हवाच तशी. वाळत घातलेला कपडा संध्याकाळी काढावा तर दमटच. खिळा भिंतीत ठोकला की गंजाचा ओघळ लगेच खाली उतरायला लागतो. गेटच्या मोटरजवळ भिंतीला एक डबा असतो. त्यात सर्किट, म्हणजे गेटचं डोकं. त्या डोक्यात ओल गेली की गेटला वेड लागतं. अर्धं उघडून उभं राहतं. कुणी नसताना आपलं आपण उघडतं, गाडी आत शिरत असताना मिटायला लागतं. मग मालक फोन करतो आणि दादा स्कूटर काढतो.

गल्लीत त्याला 'खटका' म्हणतात. हातात कायम कुठला ना कुठला खटका असतो हे एक, आणि डोक्यात तर तो कायमचाच बसवलेला. कुणी नुसतं "काय मिस्त्री, चहा झाला का?" विचारलं तरी, "का, तू पाजणार आहेस?" राग आमच्या घरात वारशानं येतो. जमीनजुमला नाही आला, निदान हा तरी आला.

दादा हे काम शिकला ते लांब आतल्या कोरड्या मुलखात, सिमेंटच्या कारखान्याच्या पलीकडे. तिथे वैरी एकच, धूळ. त्याच्या उस्तादानं एकच मंत्र दिला होता: डबा असा बंद कर, की मुंगीचा श्वासही आत जाता कामा नये. दादानं तो मंत्र हाडात मुरवला. काम झालं की डब्याच्या प्रत्येक सांध्यावर सिलिकॉनची, म्हणजे फटी बुजवायच्या चिकट मलमाची, पांढरी वात सोडायची आणि ओल्या अंगठ्यानं ती घोटून सपाट करायची. त्या घोटण्याचा त्याला भारी अभिमान. "बघ," म्हणायचा, "केकवाला असं करून दाखवेल का?" उजव्या अंगठ्याचं नख त्याचं जुन्या मारानं मधोमध दुभंगलेलं आहे. त्यामुळे प्रत्येक वातीच्या मधून केसाएवढी एक उभी रेघ जायची. त्याची सहीच म्हणा.

पण धुळीच्या मुलखातली विद्या तो पाण्याच्या मुलखात वापरत होता. डबे परत यायचे. आज दुरुस्त केलेलं गेट हवा बदलली की पुन्हा वेडं. दादा म्हणायचा, "समुद्र आहे. समुद्राशी कोण भांडणार?" मालकांनाही ते पटायचं. सगळीच गेटं बिघडत असली की कुणाचंच गेट बिघडलं असं वाटत नाही.

मग दादाचा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाला, वजन उचलायचं नाही, वाकून ताकद लावायची नाही. गेटचं काम म्हणजे हेच दोन. घरात बसला असता तर घरातल्यांना वेड लागलं असतं, म्हणून वहिनी त्याच्याबरोबर जायला लागली. वहिनी त्याआधी लाँड्रीत इस्त्रीला होती. हात बारीक, मनगट पोलादाचं, आणि तोंड? तोंडाचं काय सांगू! दादा एक बोलणार, तिच्याकडे दीड तयार.

सुरुवातीला ती नुसती पाना धरायची. मग पाना फिरवायला लागली. दादा बाजूला उभा राहून हुकूम सोडायचा, "डावीकडे. अगं तुझ्या डावीकडे नाही, माझ्या डावीकडे!" अशा गोंधळात ती काम शिकली.

एक दिवस दोघं हेडबाईंच्या बंगल्यावर होते. हेडबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, एकट्या राहतात, अख्खा रस्ता त्यांना घाबरतो. दादानंच बंद केलेला डबा वहिनीनं उघडला. आतून झाकणाला थेंब लटकले होते. तारांच्या टोकांना हिरवट पूड धरली होती.

वहिनी म्हणाली, "हे पाणी बाहेरून नाही आलं."

"मग काय देवानं शिंपडलं?"

"बाहेरून आलं असतं तर वाटेत ओघळ दिसला असता. हे झाकणाला लटकलंय. डब्याला घाम सुटलाय."

"डब्याला घाम!" दादा हसायला लागला. "उद्या म्हणशील डब्याला ताप आलाय, गोळी द्या."

"लाँड्रीत गरम कपडा प्लास्टिकच्या पिशवीत भरला की पिशवी आतून घामेजते. कपडा कुबट होतो. म्हणून आम्ही पिशवीच्या बुडाला कात्री मारायचो. तुम्ही पिशवीचं तोंड आवळता आणि कपडा का कुबटला म्हणून समुद्राला शिव्या देता."

एवढं बोलून ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण आमची वहिनी ती. तिनं ड्रिल घेतलं आणि डब्याच्या बुडाला बारीकसं छिद्र पाडलं. चहाच्या जुन्या गाळणीची जाळी कापून आतून चिकटवली, म्हणजे मुंगी नको, पाल नको. दादानं पाडू दिलं. का, तर तिचं हसं व्हावं म्हणून. हे त्यानंच मला नंतर सांगितलं. "म्हटलं, होऊ दे हिची हौस. आठवडाभरात हेडबाईचा फोन येईल आणि तोंडाचा चंबू होईल."

फोन आला नाही. हवा बदलली, पुन्हा बदलली, शेजारचं गेट बिघडलं, पलीकडचं बिघडलं, हेडबाईंचं मात्र सुरळीत सरकत राहिलं. हेडबाईंनी ते शेजाऱ्यांना सांगितलं, आणि त्या जे सांगतात ते लोक ऐकतातच.

तिथून फोन बदलले. मी एकदा त्यांच्याकडे बसले होते, तेव्हा माझ्यासमोर एक आला.

"हॅलो, मिस्त्री बोलतोय."

पलीकडून, "बाई आहेत का?"

"बाई कामात आहेत. मी येतो ना."

"नको नको. आम्ही थांबतो."

दादानं फोन खाली ठेवला तो असा, की जणू फोनला तोंडात मारली. "आम्ही थांबतो म्हणे! एवढी वर्षं माझ्यासाठी थांबले होते का कधी? मी अर्धा तास उशीर केला तर दहा फोन!"

वहिनी आतून म्हणाली, "कुणाचा फोन?"

"राँग नंबर," दादा म्हणाला.

मी हसले. तो माझ्यावर खेकसला. चोराच्या मनात चांदणं.

आणि मग कप्तान. हा जहाजावर आयुष्य काढलेला म्हातारा, मिशा दोन्ही बाजूंनी टोकदार. त्याला गंजाचं कळायचं. वहिनीनं त्याचं गेट केलं तेव्हा तो म्हणाला, "बाईच्या हातात कसब आहे." आमच्या गल्लीतला एक पेंटर तिथे भिंत रंगवत होता, त्यानं ते वाक्य तिखट-मीठ लावून दादापर्यंत आणलं. त्या संध्याकाळी घरात झडती सुरू झाली.

"कप्तान काय म्हणाला?"

"गेट उघडलं म्हणाला."

"एवढंच?"

"मग काय, नाही उघडलं म्हणायला हवं होतं?"

"बसायला खुर्ची दिली म्हणे."

"दिली. डबा जमिनीलगत होता, कंबर भरून आली, बसले."

"मला कधी दिली नाही त्यानं खुर्ची."

मला आजतागायत कळलेलं नाही, की दादा बायकोवर जळत होता, कप्तानावर, की खुर्चीवर. त्यालाही कळत नसावं. मत्सराचं तसंच असतं, धूर दिसतो, पण कुठली काटकी पेटलीय ते सापडत नाही. जेवताना तो तिच्या हातांकडे बघायचा. आपल्या पोरांचं कौतुक शेजाऱ्यानं केलं की आईबाप कसे फुलतात. आणि ह्याच्या बायकोचं कौतुक कुणी केलं की ह्याच्या ताटात खडा पडायचा.

मी सांगून पाहिलं. "अरे दादा, घरातच आहे ना ती? तिचं नाव झालं तर तुझंच झालं."

"तू तुझे मोर्चे सांभाळ."

"ती तुझ्यासाठीच करते."

"माझ्यासाठी करते तर माझ्यासारखं करावं की! मला चुकीचं ठरवून कशाला?"

इथे खरी मेख होती. छिद्र डब्याला नव्हतं पडलं, ह्याच्या उस्तादाच्या मंत्राला पडलं होतं.

तेवढ्यात त्या बंगल्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरीनं निरोप धाडला. रस्त्यावरची सगळी गेटं आता एकाच माणसाकडे द्यायची, वर्षभर त्यानंच बघायची. "आणि आम्हाला बाई हव्यात. नाव त्यांचंच राहील."

वहिनीनं तो निरोप मला तीनदा सांगितला. तिचं कारण मला माहीत होतं. तिला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी 'हीच हवी' म्हणत होतं. लग्नातसुद्धा कुणी म्हणालं नव्हतं. दादाकडच्यांनी आधी तिच्या मोठ्या बहिणीला विचारलं होतं, ती नाही म्हणाली म्हणून ही. लाँड्रीत तर काय, एक गेली की दुसरी इस्त्री उचलते. आता पहिल्यांदा कामासमोर तिचं नाव लागणार होतं. "दुसरी नको, मीच हवी म्हणतात गं," ती म्हणाली, आणि पदरानं उगाचच टेबल पुसायला लागली.

दादा म्हणाला, "छान आहे." दोनच शब्द. एरवी पाल चुकचुकली तरी हा माणूस पानभर बोलतो.

त्याच आठवड्यात वहिनीची आई आजारी पडली आणि ती माहेरी गेली. दादानं तिला बसमध्ये बसवलं, घरी आला, सिलिकॉनची बंदूक पिशवीत टाकली आणि स्कूटर काढली. भर दुपारी, राजरोस. वहिनीनं केलेल्या एकेका गेटवर गेला. वॉचमनला म्हणाला, "सर्व्हिसिंग." जाळी उपटून काढली, छिद्र बुजवलं, अंगठ्यानं घोटलं. दुखऱ्या खांद्यानं, बरं का. कामासाठी जो हात वर जात नव्हता, तो जळण्यासाठी झकास गेला.

नंतर मी त्याला विचारलं, "तुला काय वाटत होतं तेव्हा?"

"खरं सांगू? वाटलं, मी सुधारतोय. पाल शिरेल, ओल शिरेल, उद्या हिचंच नाव खराब होईल. अगदी मनापासून वाटलं."

"आणि?"

"आणि... थोडं बरंही वाटलं."

वहिनी परत आली तेव्हा हवा सगळ्यात वाईट होती. समुद्रावरून धुकं उठायचं आणि दुपारपर्यंत घरांना चिकटून बसायचं. भिंतींना हात लावला तर हात ओला. आणि गेटं एकामागून एक जायला लागली. आधी कप्तानाचं, मग कोपऱ्यावरचं, मग सेक्रेटरीचं स्वतःचं, गाडी निम्मी आत, निम्मी बाहेर. सगळी वहिनीनं केलेली.

फोन घ्यायला दादा उड्या मारायचा. "हो का? अरेरे. पण ते मी नव्हतं केलं हो, बाईंनी केलं होतं. बाईंनाच विचारा." फोन ठेवला की चहा मागायचा, आणि चहा गोड झालाय म्हणायचा. मी त्याचं ते तोंड पाहिलं आहे. सुट्टी लागलेल्या पोरासारखं.

हे चार-पाच दिवस टिकलं. मग सेक्रेटरीचा फोन आला. "आम्ही बाहेरची कंपनी आणतोय. बाई नकोत. आणि तुम्हीही नको." दादा फोन हातात धरून उभाच. बायकोच्या फांदीवर कुऱ्हाड घालताना आपणही त्याच फांदीवर बसलोय, हे शहाण्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

वहिनीचं तर बोलणंच आटलं. दादा एक बोलला तर ती शून्य. मला म्हणाली, "पिशवीचं गणित डब्याला लागत नसेल. मला कसली अक्कल. मी लाँड्रीतच बरी होते."

ते ऐकून माझं टाळकं सटकलं. "एवढे महिने चालली ती गेटं आणि आता सगळ्यांना एकदम मुहूर्त मिळाला? चल, उघडून बघू एक. मी येते."

दादा मध्येच, "कशाला उगाच उकरताय? झालं ते झालं."

हा आणि 'झालं ते झालं' म्हणतोय? जो माणूस लग्नातल्या मानपानावरून अजून भांडतो? मला तिथेच वास आला. "तूही चल," म्हटलं.

हेडबाईंकडे गेलो. त्यांचंही गेट बंद पडलं होतं. त्या चष्मा लावून पायरीवर उभ्या. वहिनी डब्यापाशी बसली आणि झाकण न उघडता आधी बुडाखाली बोट घातलं. बोट पुढे-मागे फिरलं. थांबलं. ती वाकली, मान वाकडी करून खालून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मग उठली, दादाचा उजवा हात धरला, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा, आणि त्याला खाली बसवून त्याचा अंगठा त्या पांढऱ्या ठिपक्यावर टेकवला. मधली रेघ नखाच्या चिरेत जाऊन बसली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते ह्यालाच.

"काय सापडलं?" हेडबाईंनी विचारलं.

वहिनी म्हणाली, "सांगा त्यांना."

"घरी बोलू," दादा पुटपुटला.

"घरी काय बोलायचंय? माझं नाव इथे गेलंय. इथेच बोला."

दादा उठला, स्कूटरला लाथ मारली आणि गेला. मारलेल्या लाथेनं स्कूटर पहिल्याच झटक्यात सुरू झाली, नाहीतर एरवी दहा मारायला लागतात.

वहिनीनं केसातली पिन काढली आणि तो ठिपका टोकरला. बुळुक करून पाणी आलं. वाटीभर तरी असेल, गंजानं लाल झालेलं. हेडबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांना सांगावं लागलं नाही. "मी सेक्रेटरीशी बोलते," त्या म्हणाल्या.

"नको बाई," वहिनी म्हणाली. "तुम्ही सांगितलंत तर मी तुमच्याकडे रडले म्हणतील. मी सांगितलं तर नवऱ्यावर ढकलते म्हणतील. बुजवलं ज्यांनी, ते सांगतील. नाहीतर राहू दे."

दुसऱ्या दिवशी ती लाँड्रीत जाऊन उभी राहिली. लाँड्रीवाल्यानं आनंदानं इस्त्री तिच्या हातात दिली. घरी ती स्वयंपाक करायची, ताट वाढायची, पण दादाशी बोलणं बंद. आता गेटांचा फोन एकट्या दादाचा झाला. हवं होतं तेच मिळालं. आणि फोन वाजेना.

तो माझ्याकडे आला. दारातच उभा. "तिला सांग ना."

"काय सांगू?"

"लाँड्रीत जाऊ नको म्हणावं. तो लाँड्रीवाला फार ताई-ताई करतो."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं, नाहीतर ते त्याच्या डोक्यात गेलं असतं. "अरे लाज आहे का? तिचं नाव मातीत घातलंस, आणि अजून कोण तिला काय हाक मारतो ते मोजतोयस? जा. एकेका दारात जा आणि सांग."

"लोक काय म्हणतील?"

"तिला काय म्हणताहेत ते ऐकलंस ना? ते तुला म्हणतील. बस्स."

तो लगेच गेला नाही. माणूस एवढ्यात सुधारला असता तर माझं अर्धं काम कमी झालं असतं. दोन दिवस घरात घुमत बसला. मग सुट्टीच्या दिवशी सकाळी वहिनीला म्हणाला, "चल." तिनं चप्पल घातली. मीही गेले, अशा वेळी साक्षीदार असलेला बरा.

आधी कप्तानाकडे, कारण तिथेच ह्याची सगळ्यात जास्त जळत होती. वहिनी रस्त्यावरच थांबली, हाताची घडी घालून. कप्तान पेपर वाचत होता. दादानं घसा साफ केला. "साहेब, तुमचं गेट बाईंनी नीट केलं होतं. मी बिघडवलं. मुद्दाम."

"कोण बाई?"

"माझी बायको. तुम्ही म्हणाला होता, हातात कसब आहे."

"असेन म्हणालो," कप्तानानं मिशी पुसली. "चांगल्याला चांगलं म्हणतो मी. पेंटरलाही म्हणालो होतो, त्याचा रंग तर आताच निघायला लागला. गेट कधी उघडेल ते सांगा."

दादा बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. ज्या माणसासाठी तो एवढे दिवस आतल्या आत भाजला, त्याला ती बाई नीट आठवतही नव्हती. मला हसू आवरेना. वहिनी हसली नाही.

बाकीच्या दारांतही सांगून झालं. कुणी हसलं, कुणी कपाळावर हात मारला, एका म्हातारीनं "मेल्या!" म्हणून दार लावलं. शेवटी सेक्रेटरी. हा गुळगुळीत माणूस, बोलताना दोन्ही तळवे एकमेकांवर घासतो. दादानं सगळं सांगितलं. सेक्रेटरी मान हलवत ऐकत राहिला आणि मग दादाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "मिस्त्री, तुमचं मन मोठं आहे."

"काय?"

"बाईंकडून चूक झाली, तुम्ही नवरा म्हणून स्वतःवर घेताय. समजतं आम्हाला. घरच्या माणसाला असं सांभाळणारे आता राहिलेत कुठे? पण कामाच्या बाबतीत भावना आणून चालत नाही. आम्ही कंपनीला होय म्हणणार आहोत."

दादा माझ्याकडे बघायला लागला. मी रस्त्यावर उभ्या असलेल्या वहिनीकडे. ती ऐकत होती. मला तेव्हा खरंच भीती वाटली. कारण त्यानं नुसतं गप्प बसायचं होतं. एक शब्द न बोलता त्याला सगळं मिळत होतं: कबुलीही दिलेली, वर थोर नवरा म्हणून पाठीवर हात, आणि बायको पुन्हा नालायक ठरलेली. मत्सरी माणसाला याहून चांगलं ताट कोण वाढणार?

मग खटका पडला.

"मोठं मन?" दादा ओरडला. "कुणाचं मोठं मन? अहो, मी बुजवलंय सांगतोय ना! इकडे या!" त्यानं सेक्रेटरीला दंडाला धरून डब्यापाशी नेलं, खाली बसवलं. "हे बघा! ही रेघ बघा, हा माझा अंगठा बघा! बसतोय की नाही?"

"मिस्त्री, आवाज कमी..."

"आवाज नाही कमी होणार! तिचं काम वाईट असतं तर मी कशाला बुजवलं असतं? सांगा ना! वाईट कामावर कुणी जळतं का? मी एवढी वर्षं डबे बंद केले, सगळे परत आले. तिचा एक नाही आला. एकसुद्धा! म्हणून बुजवले मी! आणि तुम्ही तिला नावं ठेवता? तिला नावं ठेवायची तर मी ठेवीन, तुमचा काय संबंध?"

आजूबाजूच्या गॅलऱ्यांत माणसं आली. सेक्रेटरी उकिडवा बसलेला, एका हातानं विजार सावरत, दुसऱ्या हातावर दादाची पकड. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ सभा गाजवल्यात, पण असा आरोपी पाहिला नाही, की जो स्वतःचा गुन्हा कुणी मानत नाही म्हणून हमरीतुमरीवर येतो.

वहिनी रस्ता ओलांडून आत आली. "सोडा त्यांना," ती म्हणाली. कित्येक दिवसांनी ती त्याच्याशी बोलत होती. "खांदा पुन्हा धरेल."

त्यानं सोडलं. ती डब्यापाशी बसली. पिनेनं ठिपका टोकरला, आणि पाणी आलं ते सरळ सेक्रेटरीच्या पांढऱ्या चपलांवर. तो पाण्याकडे बघत राहिला, मग दादाच्या अंगठ्याकडे, मग वरच्या गॅलऱ्यांकडे. तळवे घासणं थांबलं होतं.

"कंपनीला अजून होय कळवलेलं नाही," तो म्हणाला. "मॅडम, तुम्ही... हे सगळं पुन्हा करून द्याल?"

"वाळवायला वेळ लागेल," वहिनी म्हणाली. "आणि डब्यांना माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही." हे बोलताना तिनं सेक्रेटरीकडे पाहिलं नाही.

परतताना ती पुढे चालत होती, दादा तिच्या मागे स्कूटर ढकलत, मी त्यांच्या मागे. कोपऱ्यावर ती म्हणाली, "मी लाँड्रीत सांगून येते." दादा म्हणाला, "ये." थोडं पुढे जाऊन तो थांबला.

"मॅडम म्हणाला तुला."

"मग?"

"काही नाही. मला कधी सर म्हणाला नाही."

वहिनी वळली, त्याच्याकडे पाहिलं, आणि लाँड्रीच्या रस्त्याला लागली. दादा ती दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभा. मग मला म्हणाला, "लाँड्रीवाला एवढ्यात सोडेल का गं तिला?"